थेंब न पडणारी चीर



सपाट रस्त्यावर सगळ्याच गाड्या चांगल्या असतात. कुठल्या गाडीत काय कमी आहे ते चढावर कळतं. माणसाच्या विश्वासाचंही तसंच असतं, हे आपण प्रवचनात पुष्कळदा ऐकलं आहे. पण चढावर बंद पडलेल्या गाडीचं पुढे काय करायचं, तिच्यात नेमकं काय अडलंय हे कसं शोधायचं, याविषयी फारसं बोललं जात नाही. आज त्याविषयी लिहितो. निमित्त आमच्या चर्चच्या जुन्या व्हॅनचं आहे.

ही व्हॅन १९९८ सालची, पेट्रोलवर चालणारी, कार्ब्युरेटरची. पंधरा वर्षं उलटल्यावर दर पाच वर्षांनी आरटीओत नेऊन तिचं रजिस्ट्रेशन वाढवून घ्यावं लागतं, आणि आम्ही ते घेत आलो आहोत, कारण तिच्यावाचून आमचं भागत नाही. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांच्या घरी पवित्र कम्युनियन घेऊन फादर याच गाडीतून जातात. खानापूरकडच्या एका आजींना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी बेळगावला आणायचं असतं, तेही हिच्यातूनच. आजींचा मुलगा मजुरी करतो. दर खेपेला रिक्षा करणं त्याला परवडणारं नाही.

२०२४ हे वर्ष आमच्यासाठी मोठं होतं. जुन्या गोव्यात दर दहा वर्षांनी संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचं दर्शन खुलं होतं. या वेळी ते २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ असं होतं. आमच्या भागातून बरेच लोक गोंयच्या सायबाच्या फेस्ताला चालत जातात. त्यांच्यामागून अंथरूण-पांघरूण, पाण्याचे कॅन आणि औषधाची पेटी घेऊन आमची व्हॅन निघाली. जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला घाट उतरेपर्यंत गाडीने एकदाही तक्रार केली नाही. परत येताना मात्र केरीहून घाट चढायला लागलो आणि ती तीनदा बंद पडली. प्रत्येक वेळी आधी ओढ कमी व्हायची, मग झटके बसायचे, मग बंद. थोडं थांबून सेल्फ मारत राहिलं की परत सुरू व्हायची, आणि पुढच्या मोठ्या चढावर पुन्हा तेच.

जानेवारीत पॅरिश कौन्सिलची सभा झाली. प्रत्येकाचं मत तयार होतं. कोणी म्हणालं, इंजिन दमलंय. कोणी म्हणालं, सगळं उघडून करायला गेलात तर गाडीच्या किमतीपेक्षा जास्त खर्च येईल. एकजण म्हणाले, भंगारात द्या आणि मोकळे व्हा. फादरांनी सर्वांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "देऊ. पण आधी कोणीतरी तिला तपासलंय का?"

तपासलं नव्हतं. मग मी गाडी घेऊन आमच्या गल्लीच्या टोकाला असलेल्या मेस्त्रींकडे गेलो. सत्तरीच्या आसपासचे गृहस्थ आहेत, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणतो. आता नवीन गाड्या त्यांच्याकडे येत नाहीत, पण कार्ब्युरेटरची गाडी बिघडली की तरुण मेस्त्रीसुद्धा त्यांना विचारायला येतात.

मामांनी बॉनेट उघडलं नाही. आधी प्रश्न विचारले.

"सर, कधी बंद पडत्या? चालू केल्या केल्या, की लांब गेल्यावर?"

"सपाटीवर पडत्या, की चढावरच?"

"बंद पडल्यावर लगेच चालू होत्या, की थांबाय लागतंय?"

मी सांगितलं तसं ते मान हलवत होते. मग म्हणाले, "इंजिन म्हातारं झालंय म्हणून सांगणाऱ्यांचं ऐकू नका. इंजिनाला तीनच गोष्टी लागतात. हवा, पेट्रोल आणि ठिणगी. त्यातलं काय पोचत नाही ते आधी बघूया. पोचतच नसंल तर बिचारं इंजिन काय करणार?"

हे शेवटचं वाक्य मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं.

ज्यांच्या घरी अजून जुनी गाडी आहे त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून मामांची पद्धत जरा सविस्तर सांगतो. ठिणगी गेली तर गाडी बहुतेक वेळा एकदम मरते, दिव्याचं बटण बंद केल्यासारखी. पेट्रोल कमी पडलं तर ती आधी धापा टाकते. आमची गाडी धापा टाकत होती. शिवाय चढावर बंद पडल्या पडल्या प्लग काढून पाहिला तर तो कोरडा होता. म्हणजे पेट्रोल तिथवर पोचतच नव्हतं.

आता पेट्रोल पोचतं कसं? टाकीतून नळीने निघतं, फिल्टरमधून गाळून पंपात येतं आणि तिथून कार्ब्युरेटरच्या एका लहानशा वाटीत पडतं. त्या वाटीत तरंगणारा फ्लोट असतो. वाटी भरली की फ्लोट वर येऊन पेट्रोलची वाट बंद करतो, रिकामी होऊ लागली की उघडतो. जुन्या गाडीतला पंप बहुधा इंजिनच्याच फिरण्यावर चालतो. त्याच्या आत एक पातळ पडदा खाली-वर होतो आणि पेट्रोल ओढतो. सपाट रस्त्यावर इंजिन थोडंच पितं, त्यामुळे वाटी भरलेली राहते. चढावर पाय पूर्ण दाबला की इंजिन कितीतरी पट जास्त मागतं. येणारं कमी आणि जाणारं जास्त झालं की वाटी रिकामी होते आणि गाडी बंद पडते. थांबून सेल्फ मारला की वाटी हळूहळू पुन्हा भरते आणि गाडी सुरू होते, पुढच्या चढापर्यंत. उतारावर तर इंजिन जवळजवळ काहीच मागत नाही. म्हणूनच जाताना घाट उतरलो तेव्हा काही कळलं नाही.

अशा वेळी दोष चार-पाच ठिकाणी असू शकतो, आणि मामा ती ठिकाणं एकेक करून वगळत गेले. सकाळी लवकर, थंडीत, आम्ही गाडी राजहंसगडाच्या चढावर नेली. तिथेही ती बंद पडली. म्हणजे उन्हाने नळीतलं पेट्रोल उकळून वाफ अडकते, तो प्रकार नव्हता. मग टाकीचं झाकण सैल करून पुन्हा चढ चढलो. टाकीतून पेट्रोल जातं तितकी हवा आत यावी लागते. झाकणातलं ते बारीक भोक बुजलं तर टाकीत पोकळी तयार होते आणि पंपाला पेट्रोल ओढवत नाही. झाकण सैल असतानाही गाडी बंद पडली. म्हणजे तेही नाही. मग फिल्टर बदलला. जुना थोडा काळवंडलेला होता. त्याने जरासा फरक पडला, पण चढाच्या वरच्या वळणावर पुन्हा बंद.

मी म्हणालो, "मामा, पंपही बदलून टाकूया का? एकदाच काय ते होऊन जाईल."

मामा हसले. "एका टायमाला एकच बदलायचं, सर. चार गोष्टी बदललात आणि गाडी बरी झाली, तर काय दुखत होतं ते तुम्हाला कधीच कळणार न्हाई. पुढच्या वेळी परत तिथंच येऊन उभं राहाल."

मग त्यांनी गार इंजिनवर कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी सोडवून एका बाटलीत धरली, ठिणगीची मुख्य वायर काढून ठेवली आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. पेट्रोल येत होतं, पण जोर नव्हता आणि फेस होता. (हे घरी करून बघू नका. पेट्रोलची वाफ दिसत नाही आणि एका ठिणगीवर पेटते. नळी तोंडाने ओढण्याचा उद्योग तर कोणीच करू नये.) त्यानंतर पंपाच्या आधी नळीचा एक तुकडा काढून त्याजागी त्यांनी पारदर्शक नळी बसवली आणि गाडी चालू केली. पेट्रोलबरोबर बुडबुडे धावत होते. कुठूनतरी हवा आत येत होती.

टाकीजवळच्या रबरी नळीवर, क्लिपच्या अगदी खाली, एक चीर सापडली. नळी वाकवल्याशिवाय दिसत नव्हती. मी खाली वाकून पाहिलं, जमीन कोरडी होती. पेट्रोलचा वासही नव्हता. मी विचारलं, "मामा, चीर आहे तर थेंब का पडत नाही?"

ते म्हणाले, "पंपाच्या पुढं चीर पडली तर पेट्रोल बाहेर येतंय. पंपाच्या मागं पंप ओढतोय न्हवं? तिथं चीर पडली की बाहेरची हवा आत जात्या. टाकीच्या वरच्या अंगानं नळी निघत्या, म्हणून गाडी उभी असली तरी थेंब पडत न्हाई. लोक खाली बघतात, जमीन कोरडी दिसत्या, आणि म्हणतात, नळी चांगली हाय."

नवी नळी आणि दोन क्लिपा मिळून तीनशे रुपयांच्या आत काम झालं. नळी घेताना इथेनॉल सहन करणारी मागून घ्या, असं मामांनी बजावलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुन्या गाड्यांचं रबर त्यासाठी बनवलेलं नव्हतं. ज्यांच्याकडे इंजेक्शनची गाडी आहे त्यांनी एवढंच लक्षात ठेवावं : चावी फिरवली की टाकीतला विजेचा पंप दोनेक सेकंद गुणगुणतो. तो आवाज येत नसेल तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले तपासायला सांगा. अशा गाडीत इंजिन बंद केल्यावरही नळीत दाब राहतो, म्हणून ती नळी स्वतः सोडवू नका.

त्या रविवारी राजहंसगडाचा चढ आमची व्हॅन वरपर्यंत चढली. आजींच्या डायलिसिसच्या खेपा परत सुरू झाल्या. मधल्या दोन खेपांना एका तरुणाने स्वतःची गाडी दिली, देव त्याचं भलं करो.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तिकडे वळतो.

आमच्या गायनवृंदात पेटी वाजवणारे एक काका आहेत. त्यांच्या परवानगीनेच हे लिहितो आहे. मागच्या पावसाळ्यात त्यांच्या पत्नी वारल्या. पहिले काही महिने काका मिस्साला येत होते, पेटीही वाजवत होते. नाताळानंतर यायचे थांबले. कोणी भेटायला गेलं की चहा द्यायचे, हसायचे, बरा आहे म्हणायचे. चर्चची वर्गणी वेळेवर पोचती करायचे. बाहेरून पाहिलं तर जमीन अगदी कोरडी. उपवासकाळ जवळ आला तसा गायनवृंदात विषय निघाला. त्यांच्या जागी दुसऱ्याला घ्यायचं ठरत होतं. बोलताना एकाने म्हटलं, "बायको गेली आणि काकांचा विश्वासही गेला."

मला मामांचं वाक्य आठवलं. पोचतच नसेल तर बिचारं इंजिन काय करणार?

शास्त्रातली एलीयाची कथा आपल्याला ठाऊक आहे. पहिल्या राजांच्या पुस्तकात एकोणिसाव्या अध्यायात ती येते. कर्मेल डोंगरावर सगळ्या लोकांसमोर ज्याच्या प्रार्थनेने अग्नी उतरला, तोच एलीया काही दिवसांनी रानात एका झुडपाखाली बसून मरण मागतो. ईजबेल त्याच्या जिवावर उठली आहे, सेवकाला त्याने मागे ठेवलं आहे, तो एकटा आहे. आपण असतो तर म्हणालो असतो, एवढा मोठा संदेष्टा, आणि विश्वास इतका कच्चा? देवाने तसं काही म्हटलं नाही. त्याला झोपू दिलं. दूत पाठवून निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं. तो पुन्हा झोपला तर पुन्हा उठवून खायला दिलं, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नाही हे देवाला ठाऊक होतं. त्या अन्नाच्या बळावर तो चाळीस दिवस, चाळीस रात्री चालून होरेब डोंगरापर्यंत गेला. इथे काय करतोस, हा प्रश्न देवाने त्याला विचारला तो डोंगरावर पोचल्यावर. आधी भाकर दिली, प्रश्न नंतर विचारला. आपण बहुतेक वेळा याच्या उलट करतो.

राखेच्या बुधवारच्या आदल्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो. मिस्साला का येत नाही, असं विचारलं नाही. मामांचेच प्रश्न जरा वेगळ्या शब्दांत विचारले. दिवसातली कुठली वेळ जड जाते? कधीपासून? थोडं बरं कधी वाटतं?

बराच वेळ ते गप्प होते. मग म्हणाले, "सर, संध्याकाळी सात वाजले की जड जातं."

सात ही त्यांच्या घरातली रोझरीची वेळ. लग्नापासून एकतीस वर्षं त्यांच्या घरी संध्याकाळची रोझरी एकदाही चुकली नव्हती. पण सुरुवात नेहमी काकी करायच्या. काका उत्तर द्यायचे. अर्धी प्रार्थना काकींची, अर्धी काकांची. काकी गेल्यावर काका सातला माळ हातात घेऊन बसायचे आणि पहिलं वाक्य म्हणायला तोंडच उघडायचं नाही. एकतीस वर्षांत ते त्यांनी कधी म्हटलंच नव्हतं. थोडा वेळ तसंच बसून माळ परत डबीत ठेवायचे. "घरी एवढंही जमत नाही," ते म्हणाले, "मग चर्चमध्ये सगळ्यांसमोर पेटीवर कुठल्या तोंडाने बसू?"

त्यांचा विश्वास होता तिथेच होता, फक्त मधली नळी चिरली होती. बाहेर काहीच सांडत नव्हतं, म्हणून आम्हाला कोणाला दिसलं नाही.

यावर उपाय म्हणून काही मोठं केलं नाही. शेजारच्या घरातली दोन मुलं माझ्या धर्मशिक्षणाच्या वर्गात आहेत. एक सातवीत, एक पाचवीत. त्यांच्या आईला विचारलं, आणि दुसऱ्या दिवसापासून ती दोघं सात वाजता काकांकडे जायला लागली. मुलं सुरुवात करतात, काका उत्तर देतात. पहिल्या आठवड्यात पाचवीतला मुलगा मध्येच दिवसाचं गूढ विसरला आणि काकांनी ते सांगितलं. त्या दिवशी पहिल्यांदा पुढचं वाक्यही त्यांनीच सुरू केलं, असं मुलांची आई सांगत होती.

काका अजून पेटीवर बसलेले नाहीत. मिस्साला येतात, मागच्या बाकावर बसतात. गायनवृंदाने त्यांची जागा मोकळी ठेवली आहे. दुसऱ्या कोणाला तात्पुरतं वाजवायला सांगितलंय, तेही काकांना विचारूनच. जास्त घाई करायची नाही, एका वेळी एकच.

प्रियजनहो, माणूस म्हणजे यंत्र नव्हे, हे मी जाणून आहे. माणसाच्या दुःखाला नवी नळी मिळत नाही. कोणाची झोप आणि जेवण बरेच दिवस उडालं असेल, तर प्रार्थनेबरोबर डॉक्टरांकडेही नेलं पाहिजे. एलीयालासुद्धा आधी झोप आणि भाकरच मिळाली होती. पण आपल्या मंडळीत कोणी यायचं थांबलं, गायचं थांबलं, प्रार्थनेला मान खाली घालून बसू लागलं, की आपण सभेत बसून त्याच्या इंजिनाविषयी बोलतो. त्याच्यापर्यंत काय पोचत नाही, हे पाहायला त्याच्या घरी जात नाही.

द्राक्षवेल आणि फाटे यांचा दृष्टांत प्रभूने शेवटच्या रात्री शिष्यांना सांगितला. फाट्याला फळ आपणहून येत नाही, ते वेलीतून येणाऱ्या रसावर येतं. वेलीत रस कधी कमी पडत नाही, हा आपला विश्वास आहे. पण तो रस आपल्यापर्यंत पुष्कळदा दुसऱ्या माणसाच्या हातून येतो, रोझरीचं पहिलं वाक्य म्हणणाऱ्या पत्नीच्या किंवा गूढ विसरणाऱ्या पाचवीतल्या मुलाच्या. असा एखादा हात सुटला की चांगला, श्रद्धावान माणूसही चढावर थांबतो.

या आठवड्यासाठी एकच काम सुचवतो. तुमच्या ओळखीत जे कोणी थांबलं आहे, त्यांच्याकडे एकदा जा. उपदेश घेऊन जाऊ नका. कधी जड जातं, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि थांबलेले तुम्ही स्वतःच असाल, तर आपला विश्वासच संपला असा निकाल स्वतःविरुद्ध देऊ नका. संध्याकाळच्या कुठल्या वेळी, कुठल्या वळणावर बळ कमी पडतं ते पाहा, आणि ते एका माणसाला सांगा.

प्रार्थना करूया.

हे प्रभो, तू एलीयाला रागावला नाहीस, तू त्याला भाकर दिलीस. जे चढावर थांबले आहेत त्यांच्यापर्यंत तुझं बळ पोचू दे. आमच्या हातून पोचायचं असेल तर आम्हाला त्यांच्या दारापर्यंत घेऊन जा. जिथे काही सांडताना दिसत नाही तिथलंही दुःख ओळखायला आम्हाला शिकव. निकाल देण्याआधी विचारायची आणि विचारल्यावर ऐकायची सवय आम्हाला लाव. आमेन.